वाफेची खोली खाली आणण्याबाबत, आणि माझं बक्षीस थांबवण्याबाबत

प्रति,
मा. परिणाम मोजमाप अधिकारी,
श्वसनविकार दवाखाना,
तळमजला (पूर्वीची वाफेची खोली).

विषय: दम्याच्या रुग्णांना वाफ देण्याचं मशीन तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणे, तसेच मला, म्हणजे ज्याला दमा नाही अशा माणसाला, दम्याचा आदर्श रुग्ण म्हणून जाहीर झालेलं बक्षीस थांबवणे.

संदर्भ: १. माझं अभिनंदन करणारं आपलं पत्र.
२. लिफ्टच्या दारावरची 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी.

महोदय,

वरील विषयान्वये सविनय अर्ज करतो की, मी पाट्या रंगवणारा माणूस आहे. बाजारात मला बोर्डवाला म्हणतात. आपल्या दवाखान्याच्या भिंतींवर जेवढी अक्षरं आहेत ती सगळी माझ्या हातची. 'शांतता राखा' मी रंगवलं, 'थुंकू नये' मी रंगवलं, आणि संदर्भ क्रमांक दोनची पाटीही माझीच. ती रंगवायच्या वेळी मी विचारलं होतं, खडूनं लिहू का, चार दिवसांचा तर प्रश्न. त्यावर आपले भांडारवाले म्हणाले, ऑइलपेंट मार, टिकला पाहिजे. तो टिकलाय. चार वर्षांत एक टवका उडालेला नाही, याचा कारागीर म्हणून मला अभिमान आहे.

आता मुद्द्यावर येतो.

१. पूर्वी वाफेची खोली तळमजल्यावर, दारातून शिरताच डाव्या हाताला होती. माणूस छाती धरून आत आला की थेट खुर्चीवर, तोंडाला मास्क, आणि थोड्या वेळानं बाहेर चहा प्यायला मोकळा. मग वरून हुकूम आला, की नुसता इलाज करून भागत नाही, इलाजाचा परिणाम मोजायचा, आणि त्या परिणामाला खर्च किती आला तोही मोजायचा. हुकूम रास्त आहे. मीसुद्धा रंग मारला की मागे सरून बघतो, नीट बसलाय का. पण मोजायला माणसं लागतात, माणसांना टेबलं लागतात, टेबलांना खोली लागते. रिकामी खोली होती तिसऱ्या मजल्यावर. आपले कॉम्प्युटर पडले नाजूक, त्यांना जिना सोसणार नाही, म्हणून दमेकऱ्यांना वर पाठवलं. नाकापेक्षा मोती जड हे ऐकून होतो. मोत्याला जागा हवी म्हणून नाकच तिसऱ्या मजल्यावर नेलेलं पहिल्यांदा पाहिलं.

२. सहा महिन्यांत आकडे आले. अटॅक घेऊन येणारे निम्म्यावर आले. दर माणशी खर्च त्याहून खाली. आपण मला बोलावून दर्शनी भिंतीवर मोठा बोर्ड करून घेतलात, 'दमा आटोक्यात', आणि त्याखाली वरून खाली येणारी लाल रेघ. ती रेघ ओढताना मी सहज डावीकडे पाहिलं. जिन्याचा कठडा अगदी त्याच उतारानं खाली येत होता. मी रेघ पुरी केली. बोर्डवाल्यानं मजकुरात डोकं घालायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

३. त्यानंतर आपण जिन्याच्या भिंतीला रंग द्यायचं काम मला दिलंत, तिथे फसलात. दोन आठवडे मी शिडीवर उभा होतो आणि खालून येणारे सगळे मला दिसत होते. पहिल्या मजल्यापर्यंत माणसं बोलत येतात. दुसऱ्यापर्यंत गप्प येतात. दुसऱ्याच्या टप्प्यावर बाक आहे, तिथे बसतात. मग कोणी जरा वेळानं वर जातं, पण बरेचजण कठडा धरून खाली उतरतात. नोंद फक्त वर होते. जो वर पोचला तो रुग्ण, जो बाकावरून परत गेला तो आपल्या हिशेबी बरा झाला. भाजीवाल्या मावशी त्या बाकावर बसून मला म्हणाल्या, "अरे बोर्डवाल्या, वर पोचण्याएवढा दम असता तर मी आले कशाला असते?" हा प्रश्न मी आपल्याकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवतो. माझ्याकडे नुसता ब्रश होता.

रद्दीवाले काका त्याच बाकावरून दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यांच्या दुकानाची पाटी मी त्यांच्या मुलाच्या नावानं बदलून दिली. आपण बोर्डाखाली लावलेल्या यादीत काका अजून आहेत: अटॅक शून्य, खर्च शून्य, दमा पूर्ण आटोक्यात. एवढा बरा झालेला माणूस आपल्याला पुन्हा मिळणार नाही.

४. या अर्जामागचं खरं कारण माझी धाकटी बहीण आहे. ती शिवणकाम करायची. कापडाच्या धुळीनं तिचा दमा वाढला. ती आपल्या यादीवर आहे, आणि आपल्या कक्षातली मुलगी दर महिन्याला फोन करून तिचा परिणाम मोजते. मागच्या वेळी मी शेजारी बसून ऐकलं. मुलगी गोड आवाजात विचारत होती, "ताई, गेल्या महिन्यात जिना चढताना किती वेळा धाप लागली?"

बहीण म्हणाली, "अगं, जिना चढलेच नाही."

"म्हणजे एकदाही नाही. झोपमोड किती वेळा झाली?"

"आडवंच होता येत नाही. उशीला टेकून बसून असते. झोप लागली तर मोडेल ना."

"म्हणजे शून्य. आजारामुळे काम किती दिवस बुडालं?"

"काम सोडलं मी."

"मग बुडण्याचा प्रश्नच नाही. ताई, तुमचे मार्क खूप छान आहेत हं."

फोन ठेवल्यावर बहीण इतकी हसली की तिला पंप ओढावा लागला. त्या हसण्यानं आलेली धाप आपल्या प्रश्नांत बसत नाही, तरी माहितीसाठी कळवतो.

५. मागच्या महिन्यात दुपारी तिला जोराचा अटॅक आला. पंपानं भागेना. मी तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात आलो, माझीच पाटी वाचली, आणि तिला पाठुंगळी मारून जिना चढलो. माझं वय बावन्न. माझी पाठ शिडीवर उभं राहायला ठीक आहे, माणूस वाहून न्यायला नाही. दुसऱ्या मजल्यावर बाकावरच्यांनी जागा करून दिली, पण बहीण माझ्या कानाशी नुसतं "दादा" एवढंच म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. म्हणून मी थांबलो नाही.

वर पोचलो तेव्हा माझी अवस्था अशी, की चेहरा लाल, तोंड उघडं, घशातून शिट्ट्या. बहीण पाठीवर अगदी शांत. नर्सबाईंनी बघितलं आणि तत्परतेनं मास्क लावला. मला. त्यांची चूक नाही, ज्याचा आवाज मोठा त्याला आधी बघतात, हे सगळीकडेच चालतं. पण दम्यात आवाज करणारा अजून श्वास घेत असतो, भीती गप्प बसलेल्याची असते. मी तोंडावरचा मास्क ओढून मागे बोट केलं. नर्सबाई समजल्या, बहिणीला खुर्चीवर घेतलं, मास्क तिला लावला, आणि ती परत बोलायला लागेपर्यंत हात धरून उभ्या राहिल्या. त्यांचे आभार या अर्जात मानतो, कारण त्यांच्या कामाला आपल्या तक्त्यात रकाना नाही.

एवढ्या वेळात टेबलावरच्या कारकुनानं माझं नाव घालून कागद काढला होता. एका वेळच्या येण्याला एकच कागद निघतो, आणि निघालेला कागद खालचा कॉम्प्युटर मागे घेत नाही, असं ते म्हणाले. त्यामुळे माझ्या बहिणीची वाफ माझ्या नावावर आहे. जाताना मला एका नळीत फुंकायला लावलं. मी फुंकलं. काटा वर जाऊन आपटला. कारकून म्हणाले, "वा, काय गुण आलाय."

६. पुढचं आपण जाणताच. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त गुण आलेला रुग्ण आपल्या कॉम्प्युटरनं शोधला, तो मी निघालो. एकदाच आला, एकदाच वाफ घेतली, पुन्हा अटॅक नाही, आणि तीन मजले ओझं घेऊन चढतो. येत्या सोमवारी मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या हस्ते मला 'आदर्श रुग्ण' म्हणून प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळणार आहे. चार शब्द बोलण्याची विनंतीही पत्रात आहे. मला चार शब्दांत आवरत नाही, हे कोणालाही विचारा.

घड्याळ चांगलं असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला दमा नाही, महोदय. मला दम आहे. तो मी बहिणीला देऊ शकत नाही, आणि आपण तो माझ्या नावावर मोजला आहे.

७. आपली पद्धत मात्र मला पूर्ण पटली आहे, ती पुढे न्यावी. वाफेची खोली गच्चीवर नेल्यास दमा या विभागातून कायमचा जाईल. हाडांचा विभाग बाजूच्या इमारतीत नेऊन मधे फळी टाकावी, पाय मोडणारे कमी होतील. डोळ्यांच्या विभागाची पाटी मी वाटल्यास अगदी बारीक अक्षरांत रंगवून देतो. आणि आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी कमी करायच्या असतील तर तक्रारपेटी आपण लिफ्टमध्ये ठेवावी.

८. हे जमत नसल्यास माझी मागणी छोटी आहे. वाफेचं मशीन मी हातात घेऊन पाहिलं, ते जेवणाच्या डब्याएवढं जड आहे. माझी बहीण मी पाठीवर घेऊन पाहिली आहे. दोघांपैकी एकाला रोज जिना चढउतार करायचाच असेल तर तो मशीननं करावा. आपला मोजमाप कक्ष खुशाल तिसऱ्या मजल्यावर जावा. तिथली माणसं तरुण आहेत, आणि दर महिन्याचे ते प्रश्न फोनवर विचारायला तळमजला लागत नाही. थंडी तोंडावर आली आहे. पुढच्या अटॅकच्या वेळी मी कुठल्या गावात, कुठल्या शिडीवर असेन ते सांगता येत नाही, आणि माझ्याशिवाय ती त्या बाकाच्या पुढे जाणार नाही.

९. शेवटची बाब. सोमवारच्या समारंभाचा बोर्डही आपण माझ्याकडेच दिला आहे. तो तयार आहे. फळी मोठी होती, म्हणून मी दोन्ही बाजूंनी रंगवली. एका बाजूला 'वाफेची खोली, तळमजला' आणि डावीकडे बाण. दुसऱ्या बाजूला 'बक्षीस समारंभ, तिसरा मजला, कृपया जिन्याने यावे' आणि वर जाणारा बाण. सोमवारी सकाळी बोर्ड दारात लागणार हे नक्की. कोणती बाजू पुढे करायची ते आपण ठरवावं.

मोठे साहेब गाडीतून उतरून दारापर्यंत येतानाही एकदा थांबतात, हे मी मागच्या समारंभात पाहिलं आहे. त्यांच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरचा बाक मोकळा ठेवायला मावशींना सांगून ठेवलंय. साहेब तिथूनच माघारी फिरले तर आपण काळजी करू नये. ते बरे झाले असं धरून चालता येईल, खर्चही शून्य.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, असं म्हणतात. दमेकऱ्यांचं नाक तर आधीच दाबलेलं आहे, त्यामुळे तोंड त्यांच्या वतीनं मी उघडलं. राग नसावा.

आपला नम्र, आणि फुप्फुसांनी ठणठणीत,
(सही)
बोर्डवाला
(आपल्या कागदोपत्री आदर्श रुग्ण)

दिनांक: समारंभाच्या आधीचा गुरुवार.
स्थळ: दवाखान्याचा जिना, दुसऱ्या मजल्यावरचा बाक.

सोबत:
१. माझ्या नावानं निघालेला, बहिणीच्या वाफेचा कागद.
२. नळीत फुंकल्याची पावती.
३. बोर्ड, एक नग, दोन्ही बाजूंनी रंगवलेला. लिफ्टच्या दाराला टेकवून ठेवला आहे. तिथे तो कोणाच्याही जाण्यायेण्याच्या आड येत नाही.