बर्चचा दस्ता

रेंडालेन, १६ सप्टेंबर १९५९

प्रिय हालवर,

तुझी तब्येत बरी असेल, ऑस्लोत ट्रामचा खडखडाट चालू असेल आणि तू वेळेवर जेवत नसशील, हे सगळं धरून चालते. इकडे सगळं ठीक. आईने लिंगनबेरीचा मुरंबा केलाय, त्याची बरणी पार्सलमध्ये आहे. बरणीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा आहे, तो फेकू नकोस. त्याचं काय ते शेवटी सांगते. आधी मला बंदुकीबद्दल सांगायचंय, आणि मला अगदी दम धरवत नाहीये.

बंदूक झाली! बाबांनी लष्कराच्या विक्रीतून तुझ्यासाठी आणलेली ती जुनी जर्मन माउझर. एल्क हरणांच्या शिकारीत लांगमीराच्या दलदलीवर दबा धरून बसायची आपल्या घराची जागा या वर्षी हालवरची आणि ही बंदूकही हालवरचीच, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आणली तेव्हा ती ग्रीसने इतकी माखलेली होती की उकळत्या पाण्यात धुवावी लागली. ती मी आईच्या कपड्यांच्या हंड्यात धुतली. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

ग्रीस निघालं तसं पोलाद कसलं सुंदर निघालं म्हणून सांगू. नळीच्या मागे तो गरुडाचा शिक्काही निघाला. एम्ब्रेत आला होता बघायला. आपल्या शिकारी टोळीचा म्होरक्या अजून तोच आहे आणि त्याची जीभही तशीच आहे. म्हणाला, ‘‘हा पक्षी घासून टाका, नाहीतर एल्क सलाम ठोकून उभं राहील.’’ बाबांनी शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि मला विचारलं, गेला का तो? मी कानशीला हातही लावला नव्हता. तुमच्या अंगठ्याखालीच आहे, म्हटलं. मग ते म्हणाले, राहू दे, युद्धात जर्मन इथे आले होते ते काही घासून जाणार नाही.

मग दुर्बीण. जन्मभर दुर्बिणीला ‘म्हाताऱ्यांचा चष्मा’ म्हणणाऱ्या आपल्या बाबांनी या बंदुकीवर दुर्बीण बसवायला लावली. का, तर हालवरचे डोळे आता कागदं वाचून शहरी झालेत. दुर्बीण बसवली तर गोळी भरायला उचलायची ती बोल्टची मूठ तिला अडायला लागली, म्हणजे मूठ तापवून खाली वाकवणं आलं. बोल्टला ओलं फडकं गुंडाळायचं, आच मुठीपुरतीच ठेवायची. ती पुढे सरकली तर पोलाद मऊ पडतं आणि बंदूक भंगारात जाते. बाबा म्हणाले, तू कर. मी केलं, हालवर! मूठ लालभडक झाली, फडकं चर्र वाजलं, मी हातोडी मारली आणि ती अशी वळली जशी जन्मल्यापासून तशीच होती. मी भट्टीभोवती नाचले. बाबा हसत होते, पण भट्टीकडे तोंड करून. मी तोवर दारापाशी पोचले होते.

आता दस्ता. फाटकाजवळची बर्च आठवते ना, जिच्यावरून पडून तू पुढचा दात घालवलास? ती तोडली तेव्हा तिच्या बुंध्याची फळी बाबांनी तुझ्या नावाने माळ्यावर वाळत ठेवली होती. तिचाच दस्ता करायचा ठरला. लाकूड असं की तेल लावल्यावर आतून ज्वाळा उठल्यासारखं दिसतं. लोखंड लाकडात बसवायचं म्हणजे लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबायचं, आणि जिथे काळं उमटेल तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. हे काम बाबांचं, मला ते कधी हात लावू देत नसत. तर एके दिवशी पाहिलं, काळा डाग एकीकडे आणि बाबा खरवडतायत दुसरीकडे. कोऱ्या लाकडात खड्डाच पडला. दिवा नीट लागत नाहीये, म्हणाले. मी दुसरा दिवा आणला. मग म्हटलं दुपारी खिडकीशी बसू. तिथेही तेच. शेवटी ‘‘माझा हात दुखतोय, तू खरवड’’ असं म्हणून ते बाजूला बसले आणि मी खरवडत राहिले. खड्डा मी भरला, दिसत नाही आता.

मग तुझं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. ‘‘या वर्षीही यायला जमत नाही, बंदूक माझ्यासाठी ठेवा.’’ बाबांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि कॉफी तशीच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कामाच्या खोलीत बोलावलं. ‘‘हात वाकव.’’ तुला माहीत आहे, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवलं की बोट चापावर आरामात पोचायला हवं. दस्ता तुझ्या लांब हातांसाठी ठेवला होता, माझं बोट कुठलं पोचायला. त्यांनी माझा हात चाचपून पाहिला आणि सुरीने दस्त्यावर खोल रेघ ओढली.

मी म्हटलं, ‘‘हालवर आला तर?’’

‘‘आला तर त्याला बसायला खुर्ची आहे,’’ बाबा म्हणाले.

करवत त्यांनीच चालवली. अंगठ्याचं नख त्या रेघेत रोवून, डोळे मिटून. कापणी इतकी सरळ की मला कानस लावावी लागली नाही.

आणि शनिवारी नेमबाजीची परीक्षा झाली. टोळीतले सगळे पुरुष हजर, आमची गंमत बघायला. मी एकामागून एक सगळ्या गोळ्या वर्तुळात घातल्या! एम्ब्रेतने जवळ जाऊन बोट घालून पाहिलं, परत आला आणि म्हणाला, आता त्या बिचाऱ्या एल्कला सलाम ठोकायला वेळ तरी मिळेल का? मग त्याने सगळ्यांसमोर लांगमीराची जागा माझी म्हणून सांगितलं. मी इतकी खूश आहे की गोठ्यातल्या गाईंनाही सांगून झालं.

बाबा माझ्याशेजारी बसणार आहेत. ऐकायचं काम त्यांचं, बघायचं माझं.

आता ते, जे लिहू नकोस म्हणून त्यांनी मला बजावलंय. तुला एव्हाना कळलंही असेल. हामारच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जातो, कडा राहतात. त्यावर औषध नाही. बाबा कडेकडेने चालतात, जिना उतरतात, लाकडं फोडतात, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण ज्याच्याकडे सरळ बघावं त्याचा चेहरा नेमका त्या गेलेल्या मधल्या भागात येतो. दुर्बीण तुझ्या डोळ्यांसाठी नव्हती, हालवर. त्यांना एक शेवटचा हंगाम स्वतः करायचा होता. तू येशील तेव्हा तुझ्या शेजारी बसून. एकदा त्यांनी तिच्यातून धान्याच्या कोठाराकडे पाहिलं, बंदूक खाली ठेवली आणि पावसाबद्दल बोलायला लागले.

माझा राग येत असेल तर येऊ दे. मी बंदूक परत देणार नाही. ती तुला आता आखूड पडेल. पार्सलमधला तुकडा म्हणजे दस्त्याचं कापलेलं टोक. तो परत जोडता येतो असं एम्ब्रेत म्हणतो, पण मी जोडणार नाही. फाटकाजवळच्या बर्चमधला तुझा वाटा तो, तुझ्या टेबलावर राहू दे.

पण तू ये. शिकारीला येऊ नकोस, नुसता घरी ये. ख्रिसमसची वाट बघू नकोस, तोवर इथे दिवसाचा उजेडच उरत नाही. अजून दुपारी खिडकीशी, मान जरा वळवून, त्यांना माणूस ओळखता येतो. काल आईचा नवा स्वेटर त्यांनी ओळखला.

फाटकाशी आलास की आधी हाक मार, म्हणजे त्यांना वळायला वेळ मिळेल. खुर्ची मी खिडकीजवळ सरकवून ठेवली आहे.

तुझी,
सिगरून