तीन कुलपांची सूचनापेटी

१५ जून
शालेय समितीचा अध्यक्ष झालो. एकमतानं! (दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं हेमाचं म्हणणं. बायकोला यातलं काय कळतं!) बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली अकरा स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात. आता या शाळेला वळण लावून दाखवतो.
संकल्प: कारभारात ट्रान्स्परन्सी. शाळेचं पंचाहत्तरावं वर्ष, म्हणून दर्शनी बाजूला भव्य कमान. आणि रोज न चुकता डायरी.

२ जुलै
मध्ये डायरी राहिली. कामाचा ताण.
पहिली मीटिंग. मुख्याध्यापिका अभ्यंकरबाईंनी सुरुवातीलाच विषय काढला, मुलींच्या तिन्ही संडासांच्या दारांना आतून कड्या नाहीत. दोन वर्षं झाली म्हणे. म्हटलं, बाई, पंचाहत्तर वर्षांची संस्था, आणि आपण कड्यांवर बोलत बसायचं? तरी नियमानं जाऊ. तीन कोटेशन्स मागवा. बाई म्हणाल्या, अहो, तीन कड्यांसाठी कोण कोटेशन देणार? हेच ते! लोकांना प्रोसीजर नको असते. शिवाय मुली जोडीनं जातात, एक बाहेरून दार धरून उभी राहते. सहकार्याची भावना वाढते.
कमान मंजूर. चिटणीस संपतराव बिल्डर आहेत, त्यांचाच माणूस करेल. कोटेशनमध्ये वेळ घालवला नाही.

१९ जुलै
सूचनापेटी बसली! सागवानी. बँकेच्या पद्धतीनं जॉइंट कस्टडी: तीन पितळी कड्या, तीन कुलपं, तीन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक संपतरावांकडे, एक खजिनदार यज्ञेश्वरांकडे. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आता एखादी तक्रार दाबायची कोणाची टाप आहे?
शिपाई मच्छिंद्र म्हणाला, साहेब, आत सोनं हाय का? याला सिस्टिम कळायची नाही.

९ ऑगस्ट
पेटी उघडायचं ठरलं होतं. संपतरावांचा खराडीला स्लॅब. यज्ञेश्वरांचा मार्केट यार्डात हळदीचा गाळा, म्हणे सकाळी लिलाव आणि संध्याकाळी ट्रॅफिक. पुढच्या शनिवारी नक्की.
नीरजा, आमची नात, याच शाळेत सातवीला. हल्ली घरी आली की बुटांसकट आत धावते. दप्तर वाटेत. बाथरूमचं दार धाडकन. शिस्त म्हणून नाही. पाण्याची बाटली मात्र सकाळी भरून नेते तशीच परत आणते. निदान काटकसर तरी शिकली.

२७ ऑगस्ट
आज मी आणि संपतराव हजर, यज्ञेश्वर बारशाला. वैताग आहे नुसता. संस्था एकट्यानं ओढायची म्हणजे किती ओढायची!
जेवताना नीरजा शाळेचं काहीतरी सांगू लागली. मी तिथंच थांबवलं. म्हटलं, घरी मी आजोबा, शाळेत अध्यक्ष. वशिला चालायचा नाही. काय असेल ते रीतसर लिहून पेटीत टाक. पोरगी ताटावरून उठली. तत्त्वाच्या माणसाला घरात किंमत नसते हेच खरं.

२२ सप्टेंबर
अहवाल लिहून झाला. ‘पेटी बसवल्यापासून समितीकडे एकही तक्रार नोंदलेली नाही.’ अक्षरशः खरं. पेटी अजून उघडलेलीच नाही.
अभ्यंकरबाईंचं पुन्हा कड्यापुराण. कोटेशन एकच आलं. फेटाळलं.

५ ऑक्टोबर
नीरजाला ताप. लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आहे, पोरगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. मला धक्काच बसला. माझी नात, आणि इतकी निष्काळजी?
जातीनं लक्ष घातलं. शाळेत दर तासाला पाणी पिण्याची घंटा सुरू करायचा आदेश दिला. अभ्यंकरबाईंनी मला कोपरापासून हात जोडले. कदर आहे बाईंना.

११ नोव्हेंबर
कमान उभी राहिली. देखणी! शाळेचं नाव, त्याखाली माझं. माझं जरा मोठं आलंय, पण लांबून वाचता यायला हवं.

२ डिसेंबर
पालकसभा. ठरवलं होतं, ट्रान्स्परन्सी म्हणजे काय ते दाखवूनच देऊ. पेटी सगळ्यांसमोर उघडायची. तिघंही हजर! तर यज्ञेश्वरांची किल्ली कुठल्याशा हळदीच्या पोत्यात गेलेली. मच्छिंद्रनं स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि पाच मिनिटांत तिन्ही कड्या काढून टेबलावर ठेवल्या. अकरा वर्षं स्ट्राँगरूम सांभाळलेल्या माणसासमोर!
त्रेसष्ट चिठ्ठ्या निघाल्या. बाई वाचू लागल्या. ‘मुलींच्या संडासाला कडी नाही.’ दुसरी. तेच. तिसरी. तेच. सातव्या चिठ्ठीपासून मागच्या बाकांवरच्या आया बाईंच्या आधीच वाक्य म्हणू लागल्या. एकीनं विचारलं, कमानीला किती कोटेशन्स आली होती? संपतराव पंख्याकडे बघू लागले.
मग एक चिठ्ठी बाईंनी वाचली नाही. माझ्या हातात दिली. अक्षर ओळखीचं.
‘आजोबा, तुम्ही म्हणालात म्हणून पेटीत टाकतेय. दार धरायला मैना असली तरच मी जाते. नसली की जात नाही, म्हणून पाणीच पीत नाही. हे मी त्या दिवशी जेवताना सांगणार होते.’ खाली तारीख. २८ ऑगस्ट.
चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

३ डिसेंबर
पेटीच्या तिन्ही कड्या मच्छिंद्रनं सकाळी शाळा भरायच्या आत तिन्ही दारांना ठोकल्या. ठराव नाही, मंजुरी नाही, कोटेशन नाही.
नीरजा आली. बूट दारात काढले. बाटली रिकामी. माझ्यासमोरून थेट आजीकडे गेली. फार लाज वाटली.
तरी सवयीनं वृत्तांत लिहायला घेतला. ‘अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली तीन कड्या बसवण्यात आल्या.’ हेमानं वाचलं. म्हणाली, अहो, कमानीवरच का नाही कोरून घेत?
संध्याकाळी जाऊन बघून आलो. जागा नाही. माझं नाव फार मोठं झालंय.