अक्काच्या कमरेवरचा डाग

२३ सप्टेंबर
अक्काला फुलंब्रीहून इकडं शहरात आणलं, दवाखान्यात ठेवलं. सहा दिवस ताप. गावात दोन सलाइन, तीन इंजेक्शनं. उतरतो नि परत चढतो. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइडही नाही. प्लेटलेट मात्र घसरताहेत. दाजी रिपोर्टची पिशवी पोटाशी धरून बसलेत. अक्का तापातही विचारते, "घटाला पाणी घातलं का कुणी?"
मुकुंदवाडीच्या माझ्या घरून डबा नेला. कुणी उघडला नाही.

२४ सप्टें.
श्वास भरभर. ऑक्सिजन लावला. डॉक्टर भाचीच्या वयाची. म्हणाली, सगळं अंग बघायचंय, कुठं काळा डाग आहे का. अक्कानं पांघरूण मुठीत धरलं. "मोठेपणी माझ्या मायनं बी पाहिलं नाय. तू कोण गं?"
डॉ. मला म्हणाली, ताई, तुम्हीच बघा.
पडदा ओढला. आई गेल्यावर मला हिनंच न्हाऊ घातलं; हिची पाठ मात्र मी आज पहिल्यांदा पाहिली. हात रापलेले, पाठ गोरी. पोटावर तीन बाळंतपणांच्या रेघा. कमरेवर, परकराचा नाडा बसतो तिथं, एक काळी खपली. नाड्याचा वळ. आमच्याकडं कुठल्या बाईला नसतो? मलाही आहे.
बाहेर येऊन सांगितलं, काही नाही.

२५ सप्टें.
डॉ.ला थांबवून विचारलं, तुम्ही शोधताय ते दिसतं कसं? "बिडीचा चटका बसल्यासारखं. मध्ये काळी खपली, कडेनं लाल. आणि दुखत नाही. म्हणून कळतच नाही."
नाड्याचा वळ दुखतो. घाम लागला की चरचरतो. आणि लांबट असतो. हा गोल होता.
आत जाऊन खपलीवर बोट ठेवलं. "अक्का, दुखतं?" तिनं मान हलवली. नाही. तिला न विचारताच डॉ.ला हाक मारली. अक्का भांडली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.
डॉ. वाकली. "हेच." स्क्रब टायफस. रक्त तपासायला पाठवलं, पण वाट न बघता औषध चालू केलं.
मी सांगून टाकलं, हे मी काल पाहिलं होतं. ती म्हणाली, "आज सांगितलंत ना."
एक दिवस.

२६ सप्टें.
ताप १०३. डॉ.ला खोदून खोदून विचारलं. गवतात एक किडा असतो, गोचिडाच्या नात्यातला. त्याचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढंही नाही. उंदरांच्या अंगावर जगतं. माणूस गवतात बसलं की माणसावर चढतं. कपडा आवळलेला असतो तिथं थांबतं, चावतं, दोन-तीन दिवसांनी गळून जातं. त्याच्या पोटातला जंतू तेवढा आपल्यात राहतो. आणि हा जंतू किड्याची मादी अंड्यातूनच पिल्लांना देते. आईकडून लेकीला, तिच्याकडून तिच्या लेकीला... किती पिढ्या? आमचं शेत कुणाचंच नव्हतं तेव्हापासून? अक्का म्हशीसाठी बांधावर गवत कापते, तिच्या विळ्याखाली केवढा संसार चाललाय! भीती वाटतेच. पण भीतीहून मोठं काहीतरी वाटतं, त्याला शब्द...

२७ सप्टें.
सकाळी कपाळ गार. चार-चारदा हात लावून पाहिला. दोन दिवसांचं औषध, बस. रिपोर्टही आला, तोच आजार.
"अशी काय बघतीस? भूत हाय का मी?" मग नाव ऐकून, "टायफस? टायफॉइडचा चुलतभाऊ व्हय?"
दाजी व्हरांड्यात जाऊन नाक शिंकरून आले.

३० सप्टें.
चालते, जेवते. डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. डॉ. म्हणाली, या आजारात होतं असं. बहुतेकांचं परत येतं. बहुतेकांचं. विचारलं, औषध एक दिवस आधी पोचलं असतं तर? "सांगता येत नाही, ताई."
खरं बोलते पोरगी.

१९ ऑक्टो.
अक्काकडं गावी. कान तसाच. परकराखाली लेकाची पँट, पायात मोजे, नि विळा घेऊन निघाली बांधावर. म्हटलं, महिनाभर तरी थांब. "मग म्हशीला काय तू रोज लिहितीस ते कागद घालू?"
गवत कमरेएवढं, वाऱ्यानं एका अंगाला वळलेलं. डोळे ताणून पाहिलं. काही दिसत नाही. आणि सगळं त्यातच आहे. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.
तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. म्हटलं, अक्का, तो डाग मी आदल्या दिवशीच पाहिला होता. नाड्याचा समजले. बोलले नाही.
विळा थांबला नाही. ऐकलं असणार, उजवा कान चांगला आहे. एक मूठ कापली. दुसरी. तिसरी. मग उठली, गवत आवळून बांधलं.
"भारा उचलू लाग," म्हणाली.