तू चहा बघ

तीर्थरूप बाबांना, सुनेचा नमस्कार.

काल तो टायवाला सल्लागार आला, तेव्हा मी दारातूनच एवढं म्हणाले, "निवृत्तीचे सगळे पैसे एकाच फंडात घालू नका." तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "सूनबाई, तू चहा बघ."

बँकिंग आणि फायनान्समध्ये मास्टर्स करतेय मी, ते काय गाळणी धरायला?

आणि तो टायवाला कोण, ठाऊक आहे? माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. जोखीम व्यवस्थापनाच्या पेपरात दोनदा गटांगळ्या खाल्ल्यात त्यानं. मी कप पुढे केला तेव्हा कान लाल झाले होते त्याचे. आज सकाळी त्याचा फोन आला, "ताई, तुमच्या सासऱ्यांना नेमकं काय सांगू?" तुमच्याच भल्याचं होतं, म्हणून सगळं नीट समजावलं.

संध्याकाळी त्यानं तेच पोपटासारखं म्हणून दाखवलं आणि तुम्ही मांडीवर थाप मारलीत, "याला म्हणतात शिक्षण!" मी तिथेच उभी होते, हातात ट्रे घेऊन.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. दिलं, तर त्याचा अर्थही तुम्ही त्यालाच विचाराल. आणि तो पुन्हा मलाच फोन करेल.

चहा बघणारी,
तुमची सून