नानांची दुसरी भट्टी

नाना,

जप झाला, आजचा खर्च लिहून झाला, आणि दूध तापायला ठेवलं तेव्हा तुमची आठवण आली. नातीच्या कॉलेजात भिंतीवर एक पांढरं यंत्र बसवलंय म्हणे. आत टाकायचं, बटण दाबायचं, चिमूटभर राख उरते. ती कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, "आमच्या नानांनी असलं यंत्र कधीच केलं होतं. चाकांवरचं, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर चालणारं." तिला खरं वाटेना. तुम्ही पाण्याचे बंब आणि धान्याच्या कोठ्या करायचे, एवढंच तिनं ऐकलेलं.

तेव्हा मला या घरात सून होऊन फार वर्षं झाली नव्हती. सासूबाई आधीच गेलेल्या. हे नोकरीला जळगावला, रविवारी यायचे. देवपुरातल्या या घरात तुम्ही आणि मी, आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये तुमचा कारखाना, मालकही तुम्ही आणि कामगारही तुम्हीच. महिन्याचे चार दिवस मी पडवीत बाजूला बसायची. तुम्ही कधी कारण विचारलं नाही की बोलून दाखवलं नाही. शेजारीण हाक मारत आली की ओट्यावरूनच सांगायचे, "सूनबाईला सुट्टी शे," आणि खिचडीला फोडणी घालायला आत वळायचे. त्या गोष्टीसाठी आपल्या घरात तेवढाच एक शब्द होता.

मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई आल्या तो दिवस आठवतो. "नाना, एक लहानशी भट्टी करून द्या. कचरा आवारातच जाळायचाय, आणि इकडून तिकडे ढकलता आली पाहिजे."

"कसला कचरा?"

"असाच हो. मुलींचा."

मुलींचा कचरा म्हणजे वहीचे कागद, केसांचं गुंतवळ, पेरूचे देठ, असंच तुम्ही धरलंत. मला तरी कुठे कळलं? आम्ही घरचं कापड धुऊन, आडोशाला वाळवून पुन्हा वापरणाऱ्या. तुम्ही बंबाच्याच डोक्यानं भट्टी केलीत. पत्र्याचा ड्रम, आतून विटांचे तुकडे आणि माती, खाली जाळी, तिच्याखाली राखेचा ट्रे, आणि जुन्या हातगाडीची चाकं. तोंड परातीएवढं. "लांबून फेकलं तरी आत पडेल," असं तुम्ही मोठ्या ऐटीत सांगत होतात. मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि भट्टी वसतिगृहाच्या फाटकासमोर, लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

थोड्याच दिवसांत ती हातगाडीवर परत आली. नीट जळत नाही, वास सुटतो, मुली जवळ जात नाहीत, असा निरोप. तुमचा बंब कधी कुणी परत केला नव्हता. त्या रात्री तुम्ही पानावरून तसेच उठलात.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. दोन्ही हात राखेनं काळे.

"सूनबाई, तिथं कोनी पोरगी आजारी शे का?"

"का हो नाना?"

"भट्टी झाडली तर कापूस निघाला. कागदात गुंडाळलेला, अर्धा जळलेला. रक्ताचा. एवढं पोरीला लागलं आणि रेक्टरबाई चकार शब्द बोलत नाहीत? मी जाऊनच विचारतो."

तुम्ही चपला घालताय. मला डोळ्यांसमोर दिसतंय, तुम्ही फाटकात उभे राहून, सगळ्या मुलींच्या देखत, मोठ्या काळजीनं विचारताय. भाकरी तव्यावर करपतेय. मी तव्याकडेच बघत म्हणते, "जाऊ नका नाना. कोणी आजारी नाही. त्यांच्या सुट्टीचं आहे ते."

चपलांचा आवाज थांबतो. मागे वळून बघायची माझी हिंमत होत नाही.

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच. आता दुकानात तयार मिळतं. ते धुवायचं नसतं, टाकायचं असतं. टाकणार कुठे? कुत्री ओढून रस्त्यावर आणतात."

"अरे देवा. आणि मी तोंड ठेवलं परातीएवढं! उभी कुठं केली, तर फाटकासमोर!" तुम्ही कपाळावर हात मारलात. राखेची पाच बोटं उमटली. मला हसू फुटलं, मग तुम्हालाही.

त्यानंतर आपण सासरा-सून त्या विषयावर जे बोललो ते कुणी ऐकलं असतं तर चक्रावलं असतं. तुम्ही पत्र्याशी बोलायचे, मी भिंतीशी. "आकार केवढा?" मी रुमालाची घडी करून ओट्यावर ठेवायची. "ओलं असतं ना? मग आधी वाळलं पाहिजे." म्हणून तुम्ही वर दुसरी जाळी बसवलीत. वरच्या जाळीवर गरम हवेनं वाळायचं, मग बाहेरचा दांडा फिरवला की खालच्या विस्तवात पडायचं. तोंड हात जाईल एवढंच, त्यावर आपोआप मिटणारी झडप. तपासायला तुमच्या जुन्या धोतराचे ओले तुकडे जाळले. फरशी पुसायला वर्षभर पुरलं असतं ते धोतर, मला त्याचंच वाईट वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नव्हती. शेवटी विचारलंच, "नाना, अग्नी आहे तो. आपण त्याला नैवेद्य दाखवतो. त्याच्यात हे टाकायचं?"

माया आली की तुम्ही अहिराणीत बोलायचे. "आग कोनले इचारस का माय, तू काय शे म्हनीसन?"

आग कुणाला 'तू काय आहेस' म्हणून विचारत नाही, हे मला पटलं असं नाही. तरी झडपेचा पत्रा धरायला मी पुढे झाले.

आणि नेमकी भट्टी पुरी झाली त्या दिवशी मी पडवीत चटईवर. तुम्ही ती ढकलत पडवीसमोर आणलीत, आत गेलात, आणि देवघरातला कुंकवाचा करंडा आणून माझ्यापुढे पायरीवर ठेवलात.

"नाना, आज मला चालत नाही."

"हिची पूजा आज चालत नाही, तर मग कधी चालेल?" एवढं बोलून तुम्ही मुद्दाम पाठ करून चाकाला तेल घालत बसलात.

मी लावलं. थोडं कुंकू पायरीवर सांडलं. नंतर करंडा चिंचेनं घासून घेतला, आणि देवघराचा नियम पुढेही मोडला नाही. पण त्या पत्र्यावरचं बोट माझंच होतं.

वसतिगृहात या वेळी ती न्हाणीघरांच्या मागच्या बोळात ठेवली, धुराडं छपराच्या वर काढलं. तुम्ही आत आला नाहीत, रस्त्यापलीकडे रसाच्या गाडीपाशी थांबलात. आत मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एकीनं विचारलं, "काकू, झडप बंद झाली की बाहेरून काही दिसत नाही ना?" मी म्हटलं, "मलाही दिसत नाही, बघ." मग एक पुढे आली, मागोमाग दुसरी. मी बाहेर आले तेव्हा तुमची मान वर होती. "धूर काळा नाही," तुम्ही म्हणालात. "म्हणजे पुरतं जळतंय."

पुढे त्या मुली देवपुरात भेटल्या की तुम्हाला नमस्कार करायच्या. तुम्ही जमिनीकडे बघत एवढंच विचारायचे, "धूर बरा?" त्या म्हणायच्या, "बरा आहे, नाना."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. आता वाचून पाहिलं. एवढं पानभर लिहिलं, पण नात दिवसातून दहादा सहज उच्चारते तो दोन अक्षरांचा शब्द मी एकदाही लिहिलेला नाही. तुमच्याशिवाय कुणासाठी लिहिलं नाही, आणि तुम्हीही वाचणार नाही. तरी तो शब्द लिहावा म्हणून मघाशी उठले, दार लोटून आले, पेन टेकवलं. नाही जमलं, नाना.