मेल्या म्हणणारीला पुरस्कार

मंगळवार, ३ फेब्रु.

आज मंडळाची मीटिंग. डोकं अजून ठणकतंय, म्हणून लिहायला बसले.

आमच्या नवघरच्या रहिवासी मंडळाला यंदा ‘शेजारमैत्री पुरस्कार’ द्यायची हुक्की आलीय. वेगवेगळ्या समाजांच्या लोकांना जोडणाऱ्या व्यक्तीस म्हणे. अध्यक्ष पाटणकर (आमच्या सोसायटीचे चेअरमनही तेच, यापुढे नुसतं पा., पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही), सेक्रेटरी मिश्राजी आणि मी. मला घेतलंय ते बाईमाणूस हवं म्हणून आणि चहाचं बघायला.

मी सरळ नाव घेतलं. चांगुणाबाई. गेटबाहेर भिंतीला टेकून टोपली घेऊन बसते ती.

  मग पा. म्हणतात, “सुनंदाताई, ती मासेवाली? तिची भाषा ऐकलीय का तुम्ही?”

ऐकलीय. रोज ऐकते. आणि गेल्या गणपतीत तीच भाषा कामी आली तेव्हा हे पा. गॅलरीतून वाकून बघत होते, खाली उतरायची छाती झाली नाही. खाली आमच्या शेजारच्या हसमुखभाईंच्या फरसाणाच्या दुकानासमोर त्यांच्या स्कूटरचा एका पोराच्या स्कूटरला धक्का लागला. आधी गाडीवरून, मग भाषेवरून, मग ‘तुम लोग’ आणि ‘आम्ही लोक’. पोरं दुकानात शिरायला निघालेली. हसमुखभाई पायरीवर, चेहरा पांढराफटक. चांगुणाबाई टोपली टाकून मधे घुसली नि ओरडली, “खबरदार! माजा गिऱ्हाईक हाय तो!”

जैन माणूस! जन्मात बोंबील बघितला नसेल जवळून. पोरांना हसू फुटलं, हसण्यात राग गेला, पांगले. पोलीस आले तेव्हा ती पापलेटचा भाव करत होती.

हे सगळं सांगितलं तर पा. म्हणतात, विचार करू. ज्याचा हॉल फुकट मिळतो त्या हॉलवाल्याचंही नाव आहे म्हणे. वा रे शेजारमैत्री!

गुरुवार, ५ फेब्रु.

गुरुवार, आमच्याकडे मासे नाहीत, तरी मुद्दाम खाली गेले. चांगुणाबाईला सांगितलं, तुझं नाव दिलंय.

“मना? मना कनाला? काय करू त्याचा, बर्फावर ठेवू?” मग लाजली. खरंच लाजली, पदर तोंडाला लावून. “आनि तू का हासतेस मेले!”

तिला सगळेच मेले. पोस्टमन मेल्या, रिक्षावाला मेल्या, मांजर मेली. माझ्या नातवाला तर ‘माजा मेला तो’ असं लाडानं. आई गेल्यापासून मला मेले म्हणणारी एवढी एकच उरलीय. लालबागहून इकडे आले तेव्हा या रस्त्यावर माझ्याशी पहिलं बोलली ती चांगुणाबाई. “नवी हायस ना गं मेले? ये, बस.”

शनिवार, ७ फेब्रु.

तळपायाची आग मस्तकात.

दुसरी मीटिंग. मिश्राजी म्हणाले, एक रहिवासी की आपत्ति आयी है, म्हणजे हरकत. त्या बाईनं भर रस्त्यात, चार लोकांदेखत त्यांना गलिच्छ शब्द वापरला. अशा बाईचा सत्कार झाला तर ते सोसायटी सोडून जातील.

कोण? नाव सांगणार नाहीत.

काय शब्द? तोही सांगणार नाहीत. म्हणे ‘उच्चारण्यासारखा नाही’.

आणि पा.ची पुढची उडी बघा. भिंतीलगत मोठ्या कुंड्या ठेवायच्या. सौंदर्यीकरण! बरोबर तिच्या जागेवर. मी म्हटलं, “तिथं चांगुणाबाई बसते.” म्हणाले, “तेच तर. तक्रारीची दखल नको का घ्यायला?”

म्हणजे पुरस्कार राहिला बाजूला, बाईची जागाच चालली! कुठे बसेल ती? स्टेशनकडे इंचभर जागा नाही. पुढच्या नाक्यावरून दोनदा उठवलंय तिला. तिचं नाव दिलं ते मी, आणि त्यापायी जागा जाणार तिची. नाकानं कांदे सोलतात नुसते.

यांना सांगितलं. हे म्हणाले, “तू गप्प बसली असतीस तर...” वाक्य पुरं करू दिलं नाही.

रविवार, ८ फेब्रु.

कळलं कोण ते.

हसमुखभाई!! समोरच्या दारातले. ज्यांच्यासाठी ती मधे पडली तेच! वॉचमननं सांगितलं, पा.च्या घरी ते स्वतः गेले होते. जिनं वाचवलं तिचीच तक्रार. उपकाराची फेड अशी असते होय?

त्यांच्या बायकोनं, कोकिलाबेननं, परवा डब्यातून हांडवो दिला होता. आमच्या दोन दारांत डबा कधी रिकामा परत गेला नाही, निदान चिमूटभर साखर तरी. आज धुऊन, पुसून, रिकामा नेऊन दिला. कोकिलाबेननं झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.  

घरी येऊन रडले. रागानं.

बुधवार, ११ फेब्रु.

आज समोरासमोर झालं. कचरा ठेवायला दार उघडलं तर हसमुखभाई उभे, हातात तोच डबा. भरलेला.

“सुनंदाबेन, डिब्बा खाली क्यूं भेजा?”

म्हटलं तोंड उघडायला लावू नका. पण उघडलंच. सगळं काढलं. गणपती, पोरं, पायरी, चांगुणाबाई. शेवटी म्हटलं, लाज नाही वाटली?

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, “उसने बचाया, हाँ. मैं भूला नहीं. लेकिन उसी वक्त सबके सामने मेरेको मैला बोला.”

काय?

“मैला. गंदा. हमारे गुजराती में भी वोही, मेलो. बोली, अंदर जा मैला. अपने ही दुकान के सामने, अपने ही लोगों के सामने. मैं रोज दो बार नहाता हूँ, सुनंदाबेन.”

मी दाराची कडी धरून उभी. हसू का रडू कळेना. अहो, मेल्या! मैला नाही, मेल्या! म्हणजे, मरून गेलेला.

“मरा हुआ? ये तो और खराब है!”

तिथंच उंबऱ्यावर बसून समजावलं. की ही शिवी, पण शिवी नाही. माझी आई माझ्या भावाला म्हणायची, ‘मेल्या, जेवलास का?’ परक्याला मेल्या म्हणत नाहीत हो. परक्याला अहो-जाहो करतात. तुम्हाला मेल्या म्हणाली म्हणजे घरचं म्हणाली.

 तर विचारतात, “पक्का?”

पक्का.

मी चिडून म्हटलं, एवढी वर्षं भाईंदरात काढलीत, एवढं मराठी येऊ नये? तर म्हणतात, “किससे आएगा? तुम भी तो मेरे साथ हिंदी में बोलती हो. पूरे रोड पे मराठी में मुझसे वो अकेली बात करती है.”

 डबा घेतला. आत सुखडी. अजून उघडी पडलीय ओट्यावर.

शुक्रवार, १३ फेब्रु.

हसमुखभाई (यापुढे ह.भा.) स्वतः पा.कडे गेले तक्रार मागे घ्यायला. सोबत मी. म्हणाले, ‘मेरी गलती, शब्द समझा नहीं.’ कान धरले त्या माणसानं, सत्तरीच्या घरातला!

पा. हसले. ते हसणं! “आता विषय पुढे गेलाय. कुंड्यांची ऑर्डर दिलीय. आणि वाद नको म्हणून आम्ही सर्वमान्य नाव ठरवलंय.”

कोणाचं?

“तुमचं, सुनंदाताई.”

मला! मराठी, बाई, सुशिक्षित, आणि गुजराती शेजाऱ्यांशी डब्यांची देवाणघेवाण. हे कारण दिलं! डब्यांची!

आग लागो त्या पुरस्काराला. तोंड बंद करायला शाल पांघरताहेत माझ्यावर. ‘मी घेणार नाही’ म्हटलं तर मिश्राजी म्हणतात, कार्ड छप गए हैं.

रविवार, १५ फेब्रु.

यांचं म्हणणं, घे, आणि माईकवर सगळं बोल. पा. माईक बंद करतील, मी ओळखून आहे. नाही गेले तर ‘ताई रुसल्या’ म्हणून हॉलवाल्याला देऊन मोकळे होतील. काहीही केलं तरी कुंड्या येणारच.

चांगुणाबाईला कोणत्या तोंडानं सांगू की तुझ्या जागी मी...

मंगळवार, १७ फेब्रु.

तिला कळलंय. कोणीतरी सगळं जाऊन ओतलं. पुरस्कार मला, कुंड्या, आणि हेही की तुझ्या ‘मेल्या’वरून लोक नाराज आहेत.

मांदेली घ्यायला गेले. मान वर केली नाही तिनं. “काय देऊ मॅडम?”

मॅडम.

मी म्हटलं, अगं चांगुणाबाई, मी सुनंदा. “हो मॅडम. साफ करून देऊ का?” रिक्षावाल्याला “दादा”. पोस्टमनला “सर”. मांजराला काहीच नाही, नुसता हात हलवला. इतकी गोड बोलली सगळ्यांशी की अंगावर काटा आला.

मांदेली तळली. कोणीच नीट जेवलं नाही. नातू विचारतो, मावशी मला माजा मेला का नाय बोलली?

या लोकांनी एका बाईच्या तोंडातला शब्द काढून घेतला, आणि त्यालाच शेजारमैत्री म्हणताहेत. माझा संताप माझ्याच्यानं आवरत नाही.

शनिवार, २१ फेब्रु.

उद्या समारंभ. साडीला इस्त्री झालीय, ती यांनी केली. मी अजून काही ठरवलेलं नाही.

सकाळी टेम्पो आला. कुंड्या. माणसं उतरवायला लागली, पा. वर गॅलरीतून हात दाखवताहेत, ‘इधर, और इधर’. चांगुणाबाईनं कोणाशी वाद घातला नाही. टोपली उचलून दोन हात सरकली. मग आणखी दोन हात. गटाराच्या झाकणापर्यंत गेली. हीच बाई, जिच्या आवाजानं रस्ता हलायचा.

मी गेटमधून निघाले तोवर ह.भा. दुकानातून उतरले. पांढरे कपडे, देरासरला, त्यांच्या मंदिरात, जायच्या तयारीत. सरळ तिच्यासमोर जाऊन उभे. टोपलीच्या एवढ्या जवळ त्यांना मी कधी पाहिलं नाही.

“चांगुणाबेन,” म्हणाले. मराठीत! एकेक शब्द जुळवत. “मी... चुकला. मला माहीत नव्हता. एक वेळा बोल ना. मेल्या बोल.”

 कुंडी घेतलेला माणूस कुंडी घेऊन तसाच.

तिनं वर बघितलं. ओठ हलले. मला वाटलं आली, आली जिभेवर. डोळे भरलेले तिचे, मी पाहिलं.

“न्हाय साहेब,” म्हणाली. “जरा मागं व्हा. तुमच्या कपड्यांना वास लागंल.”

ह.भा. हलले नाहीत. जिथं पुढची कुंडी ठेवायची होती तिथंच उभे राहिले. माणूस म्हणतोय, शेठ, बाजू. वरून पा.ही ओरडताहेत, हसमुखभाई, जरा बाजूला या.

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.