रेबेका, तू काय मागत होतीस?

प्रिय रेबेका,

काल तुला मातीत ठेवून आले. आज सकाळी मधुपूरहून तुझ्या बहिणीचा फोन. मालिका बघून शिकलेल्या हिंदीत एकच विचारते, ‘दीदी शेवटी काय बोलली?’ काय सांगू गं तिला? म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे, हसू नकोस.

इथे विलायतेत, इल्फर्डच्या त्या शाळेत दोघी जिने पुसताना तू पहिल्यांदा म्हणालीस, ‘मी गारो आदिवासी. ख्रिश्चन.’ मी म्हटलं, बांगलादेशची आणि ख्रिश्चन? कधी बाटलीस? केवढी भडकलीस! ‘माझी पणजीसुद्धा ख्रिश्चन होती! आणि ऐक, आमच्यात नवरा नांदायला येतो, बायको जात नाही.’ मी म्हटलं, मग मलाही घ्या तुमच्यात!

मेंदूचा झटका आला आणि तुझं इंग्लिश गेलं, बंगालीही गेलं. राहिली ती घरची भाषा. तिच्यात एकच काहीतरी मागत राहिलीस. बांगलादेशची म्हणून वॉर्डात इमाम आले. भला माणूस. तुझ्या गळ्यातला क्रॉस बघून तेच म्हणाले, ‘अहो, फादरना बोलवा.’ फोनवरची दुभाषीबाई म्हणाली, ‘ही बंगाली नाही.’ गारो बोलणारं कुणी मिळेना. बहिणीच्या गावात वीज नव्हती, तिचा फोन बंद. एवढं मोठं हॉस्पिटल, आणि एका बाईचं बोलणं कुणाला कळू नये?

फादरनी शेवटचा विधी म्हणून कपाळाला तेल लावलं, तेव्हा जरा निवलीस. मग माझा हात धरून पुन्हा तेच मागायला लागलीस. मी पाणी दिलं, उशी सारली, पांघरूण काढलं, परत घातलं. ते नव्हतंच! चिडलीस माझ्यावर. मी नुसती ‘हो गं, हो’ करत राहिले. मोबाइलवर तुझा आवाज धरून ठेवायचंही सुचलं नाही मला.

तूही काय गं! एवढी वर्षं एका डब्यात जेवलो, तुझ्या भाषेतले चार शब्द शिकवायचे होतेस की. मीही विचारलं नाही म्हणा.

फादर म्हणतात, ‘ती प्रार्थना करत होती असं सांगा, बहिणीला बरं वाटेल.’ प्रार्थना करताना कुणी एवढं चिडतं का?

रेबेका, तुझ्या तोंडात मी माझे शब्द घालणार नाही. संध्याकाळी तिला फोन करीन. सांगीन, तुझी दीदी बोलली, खूप बोलली, आम्हाला कुणालाच कळलं नाही. ती रडेल. तिचं रडून होईपर्यंत मी फोन ठेवणार नाही.

तुझी,
शालन